मुका स्वर

टीव्ही गेला तो ऐन भांडणात गेला. घरमालकीण भाडेकरूच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवते न ठेवते, तोच पडद्याच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटली, रेघेचा ठिपका झाला आणि ठिपकाही विझला. खोली इतकी शांत झाली, की भिंतीवरच्या घड्याळाला जणू पहिल्यांदाच बोलायची संधी मिळाली.

खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या मोबाइलमधून ताईचा आवाज आला, "अगं धाकटे? काय झालं? सगळं गप्प कसं?"

"टीव्ही गेला माझा. धूर नाही, वास नाही. सरळ डोळे मिटले."

"अगंबाई!"

"तुझा चालू आहे ना? मग सांग पटकन, तो काय म्हणाला? दार लावून घेतलं का तिच्या तोंडावर?"

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग ताई म्हणाली, "अगं, इकडे पण आत्ताच लाइट गेली बघ."

धाकटीला हसू फुटलं. "म्हणजे दोघींचं एकदमच?"

"एका आईच्या ना आपण!" ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

धाकटी म्हणजे काही वयाने लहान नव्हती. रुग्णालयातल्या कान तपासणीच्या खोलीत तिने सगळी नोकरी काढली होती आणि निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. पण घरात ती शेंडेफळ, म्हणून धाकटी. तसं म्हणणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. नवराही तिला हौसेने कधीकधी धाकटीच म्हणायचा, तोही गेला. आता त्या नावाने हाक मारणारी एकटी ताई उरली होती, आणि ती दूरच्या शहरात, मुलाच्या घरी.

नवरा गेल्यावर पहिले काही महिने ताई रोज फोन करायची आणि "जेवलीस का?" विचारायची. उत्तर ठरलेलं, त्यामुळे बोलणं लवकर संपायचं. मग एका संध्याकाळी फोनवर असतानाच धाकटीच्या टीव्हीवर ती मालिका लागली. खाष्ट घरमालकीण, आणि वरच्या मजल्यावर बेसूर सनई वाजवणारा तिचा भाडेकरू. ताई म्हणाली, "अगं, मीही हेच बघते! थांब, फोन ठेवू नकोस." तेव्हापासून तो रिवाजच पडला. मालिकेच्या वेळेला ताईचा फोन यायचा. इकडे धाकटी, तिकडे ताई, मध्ये घरमालकीण. धाकटीच्या घरात दिवसभरात कोणी हसत असेल, तर ते त्याच वेळात.

ताईचा टीव्ही मात्र फोनवर ऐकू यायचा नाही. "मुलाने माझ्या खोलीत माझा वेगळा टीव्ही लावून दिलाय," ताई अभिमानाने सांगायची, "पण नातवंडांचा अभ्यास असतो ना संध्याकाळी, म्हणून आवाज बंद ठेवून मी कानाला लावून ऐकते." ते कानाला लावायचं धाकटीनेच निवडून पाठवलं होतं. दुकानदार दाखवेल ते उचलणाऱ्यांतली ती नव्हती. ताईचा डावा कान बारीक आवाजाला थोडा कच्चा होता, म्हणून दोन्ही बाजूंचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येईल असा, डोक्याला न आवळणारा, बिनवायरचा हेडफोन तिने चार ठिकाणी हिंडून शोधला होता. तो मिळाला त्या दिवशी ताई भलतीच खूश होती. "आता कसं झालं माहितीये का? एका कानात तू, एका कानात मालिका!"

तर आता टीव्ही गेला होता. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि एखाद्या वृद्धाच्या नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात सांगितलं, "याचे भाग आता नाही मिळत हो कुठे."

ताई म्हणाली, "तुझा नवीन येईपर्यंत मीही बघत नाही. एकटीने काय बघायचं त्यात?"

त्या वाक्याने धाकटीला दिवसभर बरं वाटत राहिलं.

दुकानात टीव्हींची भिंतच होती. सगळ्या पडद्यांवर एकच पोपट एकाच वेळी पंख पसरत होता. विक्रेता पोरसवदा होता, पण बोलण्यात पिकलेला.

"मॅडम, हा बघा. पिसं मोजा पोपटाची."

"मला पोपट नाही बघायचा."

"मग काय बघता आपण? सिनेमे? सामने?"

"भांडणं," धाकटी म्हणाली.

तो हसला आणि मॅडमची काकू झाली. "मग काकू, तुम्हाला रंगापेक्षा आवाज महत्त्वाचा. आणि खरं सांगू? हे पातळ टीव्ही दिसायला देखणे, पण आवाजाला बापुडवाणे. स्पीकर पाठीला असतो, बोलणं सगळं भिंतीला ऐकवतात. याच्याखाली ठेवायला ही लांब पट्टी मिळते, साउंडबार. माणसाचा आवाज वेगळा काढून समोर देते. शब्द न् शब्द."

"माझे कान चांगले आहेत," धाकटी जराशी ताठ्यात म्हणाली. स्वतःचे कान ती दरवर्षी तपासून घ्यायची. "मला एवढंच सांगा, यातला उशिरा कोण बोलतो?"

"म्हणजे?"

"एकच चॅनेल दोघांवर लावा. एकावर डिशच्या छत्रीवरून, एकावर नेटवरून."

त्याला हे आजवर कोणी सांगितलं नसावं. पण पोरगा उत्साही होता. त्याने बातम्या लावल्या. डावीकडच्या टीव्हीवर निवेदिकेने नमस्कार केला, बातमीला सुरुवात केली, एका पुलाबद्दल बरंच काही सांगितलं, आणि मग उजवीकडच्या टीव्हीवर तीच निवेदिका नमस्कार करती झाली.

"हा नेटवरचा," विक्रेता म्हणाला, "जरा निवांत स्वभावाचा आहे."

"अर्ध्या मिनिटाच्या आसपास."

"अहो काकू, अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं? बातमी थोडीच शिळी होते?"

काय सांगणार? बिघडत होतं ते असं, की टीव्ही गेल्यानंतर याच आठवड्यात तिच्या इमारतीतल्या केबलवाल्याने जुन्या तारा काढून सगळ्यांना नेटवर टाकलं होतं. छत्री लावावी, तर तिच्या एकुलत्या एक खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आभाळाचा तुकडाही नाही. म्हणजे टीव्ही कुठलाही घेतला, तरी तो निवांतच असणार. ताईकडे अजून जुनी केबल. ताई आधी हसणार. घरमालकीण तोंडघशी पडायच्या आत तिकडून हसू येणार, आणि मग इकडे ती पडणार, तेव्हा तिकडे शांत. एकाच खोलीत बसल्यासारखं जे काही होतं, ते संपणार. कोणी कोणाला दोष द्यावा असंही त्यात काही नव्हतं.

तिने मधल्या आकाराचा, बोलणारे चेहरे नैसर्गिक रंगाचे दाखवणारा टीव्ही घेतला. साउंडबार नको म्हणाली. पोपट अजून पंख पसरतच होता.

टीव्ही भिंतीवर चढला त्या दुपारी धाकटीने मनाशी एक ठरवलं. तिचा स्वभाव सरळ होता, पण या बाबतीत ती खोटं वागणार होती. ताईला उशिराचं काही सांगायचंच नाही. ताईला ते कळायचं नाही, उगाच हिरमुसेल. ताई हसली की आपणही हसायचं, कशावर ते नंतर कळेल. अर्ध्या मिनिटाने खरोखर हसू आलं, तर ते गिळून टाकायचं. हसण्याची तिने आरशासमोर तालीमही केली. आरशातली बाई काही फारशी पटण्यासारखी हसत नव्हती.

संध्याकाळी फोन आला. "आला का गं नवा? कसा आहे?"

"मोठा आहे. घरमालकिणीच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय."

"होय की! तीळ आहे खरा," ताई म्हणाली.

मालिका सुरू झाली. धाकटी कान टवकारून बसली होती, तालीम केलेलं हसू ओठांशी तयार ठेवून. पण ताई आधी हसलीच नाही. भाडेकरूने सनईत फुंकर मारली, आतून झुरळ उडालं, घरमालकीण किंचाळली, धाकटीला हसू आवरेना, आणि त्याच हसण्यात ताईचं हसू येऊन मिसळलं. पूर्वीसारखंच. नेहमीसारखं किंचित मागून, फोनला लागतो तेवढा उशीर घेऊन.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

शंका आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापत असताना. उतू जाऊ नये म्हणून ती दुधावर नजर लावून उभी होती, आणि नजर अशी एका जागी लागली की तिचं डोकं चालू व्हायचं. उशीर गेला कुठे? उशीर असा हरवत नसतो. तिच्याकडे अर्धं मिनिट उशिरा येणारी गोष्ट ताईकडेही तेवढ्याच उशिरा आली, तर त्याला एकच कारण: ताईकडेही नेट आलं असणार. असेल. तिचा मुलगा असल्या बाबतीत पुढे असतो. धाकटीने गॅस बंद केला.

पण त्याच आठवड्यात दुसरं एक सुरू झालं. ताई मध्येच विचारू लागली, "काय म्हणाला गं तो?" आधी कधीतरी, मग घडीघडीला. "काय पुटपुटली ती? तोंडात गुळणी धरून बोलतात मेले हल्ली." धाकटी प्रत्येक वाक्य पुन्हा सांगायची. ताईचा कान गेला की काय? डावा कच्चा होताच, आता उजवाही? आजवर काचेपलीकडे बसलेल्या कितीतरी माणसांचे कान तिने असे हळूहळू मिटताना पाहिले होते. सगळे आधी हेच म्हणतात, की लोक हल्ली पुटपुटतात.

"ताई, मुलाला सांगून एकदा कान तपासून घे."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? तू बोलतेस ते तर खणखणीत ऐकू येतं!"

हे विचित्र होतं. हेडफोन तोच, कान तेच, आणि धाकटी खणखणीत पण मालिका पुटपुटती. ती वहीपेन घेऊन बसणारी नव्हती, पण अशा वेळी खोलीतल्या वस्तू नीट लावाव्यात तशा तिने सगळ्या गोष्टी मनात लावून पाहिल्या. मालिका पुटपुटायला लागली ती नवा टीव्ही आल्यापासून. पण नवा टीव्ही तर धाकटीकडे आला होता. ताईकडे काहीच बदललं नव्हतं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. जुना टीव्ही विझला, त्याच क्षणी ताईकडे लाइट गेली होती. आणि त्याआधी ताईने पहिलं विचारलं होतं ते: सगळं गप्प कसं?

कान तपासणीच्या खोलीत एक युक्ती असायची. माणूस काचेपलीकडे हेडफोन लावून बसतो, बारीक स्वर ऐकू आला की बोट वर करतो. पण काही जण स्वर न ऐकता बोट वर करतात. खोटेपणा नसतो त्यात. त्यांना चांगलं ऐकू यावं अशी त्यांचीच फार इच्छा असते, मग ते काचेतून तपासणाऱ्या बाईचा हात बघतात, हात बटणाकडे गेला की बोट वर. म्हणून अधूनमधून हात न्यायचा पण स्वर द्यायचाच नाही. त्या विभागात त्याला मुका स्वर म्हणत. मुक्या स्वरालाही बोट वर आलं, की समजायचं, हा माणूस ऐकत नाही, आपल्याकडे बघतोय.

त्या संध्याकाळी मालिकेत काहीच घडत नव्हतं. भाडेकरू आजारी होता, घरमालकीण खिडकीत उभी राहून बाहेर बघत होती. हसण्यासारखं काही तर नाहीच, उलट जरा रडवेलाच प्रसंग. धाकटीने रिमोट उचलला. अंगठा आवाज बंद करायच्या बटणावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. नोकरीत हे बटण दाबताना तिचा हात कधी जड झाला नव्हता.

तिने आवाज बंद केला. पडद्यावर घरमालकीण गप्प रडत होती.

आणि धाकटी हसली. आरशासमोर जमलं नव्हतं, तेवढं खरं हसली.

फोनला लागतो तेवढा उशीर गेला. मग तिकडून ताईचं हसू आलं. मोकळं, भरघोस. "काय बाई हा माणूस!" ताई म्हणाली. "हसवून मारणार एक दिवस!"

धाकटीने डोळे मिटून घेतले.

तिकडे ताईच्या खोलीत टीव्ही नव्हता. कधीच नव्हता. असलाच तर हॉलमध्ये असेल, नातवंडांच्या हातात. एका खोलीत पलंगाच्या कडेला हेडफोन लावून बसलेली ताई तिला आता स्पष्ट दिसली. समोर भिंत. एका कानात तू, एका कानात मालिका, आणि दोन्ही कानांत एकच फोन. इतकी वर्षं ताई तिच्याच टीव्हीचा आवाज ऐकत होती आणि तिच्याच हसण्यामागून हसत होती. ताईला चित्र कधी दिसलंच नव्हतं. होय की, तीळ आहे खरा.

"धाकटे? आहेस ना? जाहिरात लागली का?"

"हो," धाकटी म्हणाली. "जाहिरात लागलीय."

तिने आवाज पुन्हा चालू केला. बाकीचा भाग संपेपर्यंत ती पडद्याकडे न बघता, ताई ऐकते तसा नुसताच ऐकत बसली. काही कळत नव्हतं. पावलं वाजत होती, पण कोणाची ते कळत नव्हतं. दार वाजलं, पण कोण आलं कोणास ठाऊक. पातळ टीव्ही भिंतीला काहीतरी सांगत होता. एवढ्याशा सामानावर ताईने इतकी वर्षं संसार मांडला होता.

फोन ठेवल्यावर आपण एकट्या आहोत हे धाकटीला रोजच कळायचं. त्या दिवशी वेगळं कळलं. फोन चालू असतानाही खोलीत एकच टीव्ही होता आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची. तिकडे ती खुर्चीसुद्धा नव्हती.

ताईला विचारावं का? "टीव्ही का नाही तुझ्याकडे?" असं विचारलं, की मुलाचं नाव मध्ये येणार, सुनेचं येणार, आणि ताईने जपून उभी केलेली ती वेगळ्या टीव्हीची खोली एका फोनमध्ये कोसळणार. टीव्ही विकत घेऊन पाठवावा? तो हॉलमध्ये जाईल, आणि ताईला आणखी एक खोटं जुळवावं लागेल. रुग्णालयात एक शिस्त होती. मुक्या स्वराला बोट वर केलं म्हणून कोणाला बोलायचं नाही. कळलंय हेही दाखवायचं नाही. आवाज थोडा वाढवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली.

"या काकू!" विक्रेत्याने ओळखलं. "कसा आहे आपला निवांतराव?"

"बरा आहे. ती पट्टी दाखवा. माणसाचा आवाज समोर देणारी."

"बघा, मी म्हटलं होतं! नाही ना ऐकू येत?"

"मला येतं," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, "घरात अजून एक जण आहे ऐकायला."

"काकांचे कान कच्चे वाटतं?"

"नाही. बहिणीचे. डावा थोडासा."

तिने एकेक साउंडबार लावायला सांगितला, आपला मोबाइल देऊन विक्रेत्याला त्याच्यासमोर उभं केलं आणि त्याचा फोन घेऊन स्वतः दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथून फोनवर तिने प्रत्येकाचं बोलणं ऐकून पाहिलं. ढोल छान वाजवणारे तिने बाजूला केले. घुमणाऱ्या आवाजाचे बाजूला केले. एक साधा, जरा रुक्षच होता, पण फोनमधूनही त्याचा "स" "स"च ऐकू येत होता. तोच घेतला.

"लोक घरात ऐकायला घेतात काकू," पोरगा म्हणाला, "तुम्ही फोनात ऐकायला घेताय."

"असतं एकेकाचं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने साउंडबार टीव्हीखाली लावला. त्याच्यासमोर एक स्टूल ठेवलं, स्टुलावर दुमडलेला टॉवेल, टॉवेलवर मोबाइल. मग दुसरी खुर्ची आतल्या खोलीतून आणून स्टुलाशेजारी मांडली आणि तिच्यावर स्वतः बसली.

"अगंबाई," ताई म्हणाली, "आज कसं सगळं स्वच्छ बोलतायत!"

"नवीन लोक आलेत वाटतं मालिकेत," धाकटी म्हणाली. आणि पडद्याकडे बघत, जणू स्वतःशीच, "ही बया आज आजाऱ्याच्या खोलीत पाय न वाजवता आलीय बघ. डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. हातात वाडगा आहे, आणि चेहरा असा, की औषध नव्हे, विष आणलंय."

ताई हसली. मग म्हणाली, "मला दिसतंय की. तू कशाला सांगत बसतेस?"

"एकटीने बोलायची सवय लागलीय गं. तू नको लक्ष देऊ."

"हं."

पडद्यावर घरमालकीण पलंगाच्या कडेला बसली. भाडेकरूने डोळे उघडले. कोणीच काही बोलेना. साउंडबारमधून नुसता घड्याळाचा आवाज येत होता, तो मालिकेतल्या घड्याळाचा की भिंतीवरच्या, ते कळत नव्हतं. धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

तिकडून ताईचा अगदी बारीक आवाज आला, "टॉवेल कसल्या रंगाचा आहे गं?" आणि लगेच घाईने, "माझ्या पडद्यावर रंग धड येत नाहीत हल्ली."

"पिवळा. लहानपणी आई अंघोळीनंतर दोघींना एकदम गुंडाळायची ना? अगदी तसला."

"हां," ताई म्हणाली. "मग दिसला."